वहिनीने अग्नी सोडला

माणसाने विस्तवाचा शोध लावला ही त्याची पहिली आणि सगळ्यात मोठी चूक, असं ठामपणे मानणारी आणि लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी एकच बाई मला ठाऊक आहे. ती माझी वहिनी. या मताचा पुरावा म्हणून ती माझ्या भावाकडे बोट दाखवते. "ह्यांना बघा. जन्मभर शिजवलेलं खाल्लं. काय झालं?" दादा पेपरातून मान वर काढत नाही. त्याला खरं तर काहीच झालेलं नाही, सत्तरीतही बत्तिशी शाबूत आहे. पण वहिनीच्या सुरात असं काही असतं की ऐकणाऱ्याला दादाची दया येते आणि तो मुकाट्याने पुढ्यातलं गाजर उचलतो.

यातली गंमत कळायला ही बाई आधी कोण होती ते सांगायला हवं. मी चौथीत असताना ती लग्न होऊन मालवणकडून आमच्या खोलीत आली. आमची आई त्याआधीच गेली होती. नाक गळणाऱ्या पोराला तिने पहिल्या दिवसापासून 'भावोजी' म्हटलं. "भावोजी, नाक पुसा. भावोजी, चड्डी उलटी घातलीत तुम्ही." मी तिला तू म्हणायचो, ती मला तुम्ही, ते आजतागायत तसंच चालू आहे. पुढे गिरणी बंद पडली, दादा घरी बसला, आणि वहिनीने परळच्या ऑफिसातल्या लोकांना डबे द्यायला सुरुवात केली. दर उन्हाळ्यात मिरची गल्लीत उभं राहून, शिंकत, भांडत ती वर्षाचा मसाला कुटून आणायची. तिचं बांगड्याचं तिखलं शिजायला लागलं की तिरफळांचा वास जिना उतरून खाली जायचा आणि खालच्या मजल्यावरच्या बायका आपल्या आमटीत मीठ घालायला विसरायच्या. त्या डब्यांवर मी शिकलो, बँकेत लागलो, दादरला फ्लॅट घेतला. आमच्याकडे पाहुणा आला, कुणाचं बारसं असलं, साहेबाला खूश करायचं असलं, की मी सांगून मोकळा व्हायचो, "आमच्या वहिनीच्या हातचं खाऊन बघा." हात तिचे आणि मिरवणारा मी, हे मला कधी खटकलं नाही.

अशी ही वहिनी साठी उलटल्यावर एका मैत्रिणीबरोबर दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला गेली. परत आली, अंघोळ केली, गॅसचा रेग्युलेटर काढून फडताळात ठेवला, शेगडी घासूनपुसून लख्ख केली आणि जुन्या साडीचं, काठ पुढे येतील असं शिवलेलं एक कव्हर तिच्यावर घातलं. बाजाच्या पेटीवर घालतात तसं. मग दादाला म्हणाली, "मी अग्नी सोडला."

दादाने जरा विचार केला. "मग चहा?"

"तुम्ही कशाला सोडताय? तुम्ही करा नि प्या."

दादाने विजेवरची एक लहान शेगडी आणली आणि आयुष्यात पहिल्यांदा कुकर लावला. सुरुवातीला शिट्टी झाली की तो ताडकन उभा राहायचा, गिरणीचा भोंगा वाजला आणि पाळी सुरू झाली असं वाटून. आता त्याचा वरण-भात चाळीत नावाजलेला आहे. वहिनी मात्र त्याच्यासमोर बसून भिजवलेले शेंगदाणे चावते आणि ते इतक्या मोठ्याने चावते की दादाला बातम्यांचा आवाज वाढवावा लागतो.

तेव्हापासून आमच्या सगळ्या खानदानाचा एकच ध्यास होता: ते कव्हर एकदा, फक्त एकदा, निघालं पाहिजे. तिच्या मामेसासू, म्हणजे आमच्या मामी, येऊन रडून गेल्या. एका पुतण्याने ताजे बांगडे आणून ओट्यावर ठेवले आणि पळ काढला. वहिनीने ते शेजारी देऊन टाकले. खुद्द गणपतीला मध्ये घालून झालं. "उकडीचे मोदक नसतील तर बाप्पा काय म्हणेल?" असं विचारल्यावर तिने खजूर आणि ओलं खोबरं वाटून त्याचे मोदक वळले. दुसऱ्या वर्षी तोच प्रश्न आला तेव्हा म्हणाली, "गेल्या वर्षी तो काही बोलला नाही. तुम्हीच बोललात." लोक हसायचे, मीही हसायचो. सगळ्यात निलाजरा प्रयत्न पुढे मीच केला, त्याकडे येतोच.

तिच्या घरात आता पाय ठेवायला जागा नसते, कारण प्रत्येक भांड्यात काहीतरी भिजत असतं. मटकीला मोड आणायची पुरचुंडी दादाच्या जुन्या गंजिफ्रॉकाची असते आणि ती त्याच्या शर्टाच्या खुंटीला लटकते. बाहेर जाताना तो आधी कडधान्य उतरवतो, मग शर्ट. गॅलरीत तेलाच्या डब्यांतून गव्हाचं गवत वाढतं आणि शेजारचं मांजर ते खातं, म्हणून त्या मांजरावर तिचा भारी जीव. "मुक्या जिवाला कळतं बघा." लग्नाला गेली तर आधी भटारखान्यात शिरते आणि कोशिंबिरीवर फोडणी पडायच्या आत आपली वाटी भरून घेते. दादरच्या एका हॉलमध्ये आचाऱ्याला वाटलं ही नवऱ्यामुलाकडून तपासायला आली आहे. त्याने घाबरून तिला दहीवड्याची कृतीही समजावून सांगितली. गूळ उकळून होतो म्हणून गूळ बंद, आणि पोहे पाण्यात भिजवूनही चालत नाहीत, कारण ते भट्टीवर भाजून येतात हे तिने कांडपवाल्याकडून खोदून खोदून काढलं.

या धर्माला अनुयायी मात्र मिळाले नाहीत. मैत्रिणी तेवढ्या मिळाल्या. एक परळची निवृत्त नर्स, जिने तिला शिबिराला नेलं. या सिस्टरबाई बुद्धवंदना म्हणून घराबाहेर पडतात, सगळं रीतसर शिजवून खातात आणि वहिनीच्या रक्तदाबावर घारीसारखी नजर ठेवतात. वहिनीने गोळीला एकदा नाक मुरडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "गोळी कुणी शिजवलेली नाही, ताई. गिळा." दुसरी वरळी कोळीवाड्यातली मासेवाली. आयुष्यभराचं गिऱ्हाईक तुटलं म्हणून ती आधी भांडायला आली होती. भांडण संपेना, म्हणून दर आठवड्याला येऊ लागली. तिचा मुद्दा बिनतोड होता.

"सुके बोंबील आम्ही उन्हात सुकवतो. आग कुठं बघितलीस त्यात? मग कच्चंच झालं ना गो बाय?"

वहिनीने या प्रश्नाला आठवडा घेतला. मग तिने निकाल दिला. "तत्त्वात बसतं. भाजल्याशिवाय पोटात बसत नाही."

या तिघींना हिंडायचं वेड लागलं. एकदा त्यांना कार्ल्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण गाडी माझी आणि बायकोच्या मते रविवारी मला दुसरा उद्योग नसतो. डोंगरावर एकवीरा आणि बौद्ध लेणं अगदी शेजारी शेजारी आहेत. मासेवालीला आईचं दर्शन हवं होतं, सिस्टरबाईंना लेण्यात बसायचं होतं. वहिनी दोन्हीकडे गेली. देवळात जाऊन ओटी भरली, लेण्यात जाऊन डोळे मिटून बसली. बाहेर आल्यावर मी थट्टेने विचारलं, "यातलं तुझं कुठलं, वहिनी?"

"मधली पायरी," ती म्हणाली आणि तिच्यावर बसली. पाय लांब सोडले, डबा उघडला आणि काकडी खायला लागली. कुणाला विचारलं नाही, कुणाला वाढलं नाही. डबा मधे ठेवून म्हणाली, "घ्या ज्याचं त्याने." मासेवालीने तळलेले बोंबील काढले, सिस्टरबाईंनी चपाती-भाजी. तिघी एकदम जेवत होत्या, एकमेकींना नावं ठेवत होत्या, आणि मी उभा. मला काहीतरी चमत्कारिक वाटत होतं. आपण काहीतरी प्रथमच बघतोय, पण काय ते कळेना.

ते कळलं माझ्या मुलीचं लग्न ठरल्यावर. ठाण्याचे व्याही घरी जेवायला यायचे होते आणि मी सवयीने फोनवर शब्द देऊन बसलो, "आमच्या वहिनीच्या हातचं तिखलं खायला घालतो." फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "शब्द तुमचा, चूल दुसऱ्याची. आता जा आणि बोला."

मी गेलो. वहिनी खोबरं किसत होती. मी मुळात बोलणारा माणूस नाही, पण त्या दिवशी बरंच बोललो. पोरीचं आयुष्य, घराची इज्जत, एकच दिवस, सगळं काढलं. तिने किसणं थांबवलं नाही.

"भावोजी, तुम्ही मला विचारलंत आधी?"

"विचारायचं काय त्यात? नेहमी—"

"नेहमी कधी विचारलंत?"

मी चिडून म्हणालो, "हे तुझं अध्यात्म जरा बाजूला ठेव. खरं सांग, काय आहे हे?"

तेव्हा तिने किसणी खाली ठेवली. "अध्यात्मच आहे. त्या शिबिरात घंटा वाजली की ताट तयार. मी न केलेलं. पहिल्या पंगतीत बसायचं, गरम गरम. आणि मला घास जाईना. पाय आपले उठायला बघत होते, कोणाला काय हवं ते बघायला. दहा दिवस मी तिथे श्वास नाही बघितला, पाय बघितले." तिने हात पदराला पुसले. "चूल आहे तोवर भाकरी गरम हवी. भाकरी गरम हवी तोवर कोणीतरी तव्याजवळ उभं हवं. काकडी कोणाला गरम लागत नाही, भावोजी. ती चिरली की मी पण बसते."

मला कार्ल्याची पायरी दिसली. एवढ्या वर्षांत मी वहिनीला सगळ्यांबरोबर बसून जेवताना पाहिलंच नव्हतं. तेच तिथे प्रथम बघितलं होतं. आणि आता लिहितोच आहे तर हेही लिहितो: आमच्या घरात गरम भाकरीचा सगळ्यात मोठा शौकीन मी होतो. ताटातली भाकरी निवली की मी ती कडेला सारायचो आणि हाक मारायचो. तव्यावरची यायची. कडेला सारलेली पुढे कुठे जायची, हा प्रश्न मला पन्नाशी उलटेपर्यंत पडला नाही.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"दिलेला शब्द तुमचा. हात पण आहेत की तुम्हाला."

आमच्या नातेवाइकांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी खुशाल हसावं. मी पुढचे काही दिवस लालबागला जाऊन एव्हाना भाकऱ्याही थापायला लागलेल्या दादाकडून तांदळाची भाकरी शिकलो. दादा फार कडक गुरू निघाला. "पाण्याला उकळी आली का? नाही ना? मग पिठाला हात लावू नको." वहिनी बाजूला बसून चवळीचे मोड खात होती आणि माझा हात भाजला तरी तिने जागा सोडली नाही. व्याह्यांना मी फोन करून सांगितलं की वहिनी आता रांधत नाही, भाकऱ्या मी थापणार आहे आणि तिखलं बायको करणार आहे. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मामेसासूंचा निरोप आला की मी घराण्याचं नाव घालवलं. घालवलं तर घालवलं. त्या नावाचा स्वयंपाक इतकी वर्षं वहिनीने एकटीने केला होता.

व्याही जेवायला आले त्या रविवारी वहिनी ठेवणीतली साडी नेसून आली आणि बरोबर मोठी किटली. "सोलकढी आहे. नारळाचं दूध, आमसुलं. हिला कोणी शिजवत नाही." ती मी मागितली नव्हती. मग ती सरळ जाऊन व्याह्यांशेजारी पहिल्या पंगतीत बसली आणि स्वतःचा डबा उघडला. भाकऱ्या कुठल्याही देशाच्या नकाशात न बसणाऱ्या आकाराच्या झाल्या होत्या, तिखल्यात तिरफळं जास्त पडली होती. विहीणबाईंनी सोलकढी तीनदा मागून घेतली आणि वहिनीला विचारलं, "तुम्ही हे असं कच्चंच खाता? कंटाळा नाही येत?"

"शिजवायचा यायचा," वहिनी म्हणाली.

मी आतबाहेर करत होतो. एकाला वाढून होईपर्यंत दुसऱ्याची निवायची. बायको मला बसा म्हणाली, पण मीच तिला बसवलं. सगळे उठले, हात धुतले, बाहेर गप्पा सुरू झाल्या, लग्नाच्या हॉलवरून वाद रंगला, तेव्हा मी स्वयंपाकघरात पाट घेऊन ताट वाढून घेतलं. उरलेली भाकरी होती, तीच. बाहेर हसण्याचे आवाज येत होते आणि आत कुणी नव्हतं.

वहिनी आली. वाटलं, ही आता भाकरी शेकून देईल. इतक्या वर्षांची सवय, जीभ आशाळभूत असते. तिने तव्याकडे पाहिलंही नाही. समोर भिंतीला टेकून खाली बसली.

"मी वाढणार नाही हां, भावोजी. नुसती बसते."

"बस."

मी तुकडा मोडला. मोडायला जोर लागला.

"गार झाली ना?"

"झालीय."

"चावून खायची," वहिनी म्हणाली. "तिखल्यात बुडवून जरा वेळ ठेवायची. मग उतरते."

मी बुडवून ठेवली. ती भिजेपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.