दोन टिक उजवीकडे

विमान माझ्या हातातून सुटलं, डावीकडे कलंडलं आणि नाकावर चिखलात आपटलं. मी ते मुद्दाम वाकडं फेकलं होतं.

आज माळा झाडताना त्याचा थर्माकोलचा पंख हाती लागला. अजून गोंदाचा वास येतो.

तेव्हा हे नुकतेच रिटायर झालेले. सून प्राची आणि हे महिनाभर ते बॅटरीचं विमान जोडत, तासन्‌तास बोलत बसायचे. सगळ्या संसारात हे माझ्याशी एवढं बोलले नव्हते. मी चौथी शिकलेली, म्हणून माझ्याकडे फक्त फेकायचं काम. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

बाळकुमच्या खाडीकाठच्या खाजणात विमान पडलं तसे हे रिमोट धरलेल्या प्राचीवर ओरडले, "ट्रिम बघता येत नाही तुला?" विमान एका बाजूला ओढत असलं की रिमोटवरच्या बारक्या बटणाने सरळ करतात, ती ट्रिम.

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. "माझंच चुकलं, बाबा." तिने बटण उजवीकडे दोनदा दाबलं. टिक, टिक. मग विमान मला द्यायला आली तेव्हा यांच्याकडे पाठ करून तेच डावीकडे दोनदा दाबलं.

"आई, आता पंख सरळ धरा," एवढंच म्हणाली.

मी सरळ फेकलं. ते सरळ गेलं.

"बघ, दोन टिकचा फरक," हे खुशीत म्हणाले.

तिच्या त्या समजूतदारपणावरही मी जळले. अजून जळते. हे गेले. खरं काय झालं ते माहीत असलेल्या आम्ही दोघी एकाच घरात राहतो.