तिसऱ्या कडव्याचा दम

तीर्थपुरीच्या बाजारातून बाहेर पडताना डाव्या हाताला एक टपरी लागते. तिच्यासमोर पोटं फाडलेल्या पाण्याच्या मोटारी ओळीनं पडलेल्या असतात. ती टपरी भागवतची. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची आणि नवी भरायची, हा त्याचा धंदा. माणूस कामाला पक्का. मोटार चालू करून नुसता कान लावला की आतलं बेअरिंग गेलंय का वाइंडिंग, हे तो न उघडता सांगतो. बहुतेक वेळा ते खरं निघतं. जेव्हा निघत नाही, तेव्हा गिऱ्हाईक बोलतं, तो बोलत नाही.

पण त्याला विचाराल तर तो स्वतःला वाइंडिंगवाला म्हणवून घेणार नाही. तो रेकॉर्डिंगवाला. गावात कोणाच्या हळदीचं गाणं, कोणाच्या पोराच्या वाढदिवसाचं गाणं, कोणाचा पोवाडा, सगळं त्याच्या घरच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड होतं. त्या खोलीचं एक गुपित आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत ती छतापर्यंत कापसानं भरलेली असते. भाव वाढेल या आशेवर वडील, रखमाजी, कापूस धरून बसतात आणि त्या कापसाच्या जिवावर भागवत. कापूस आवाजाचा घुमारा गिळून टाकतो. गाणाऱ्यानं तोंड उघडलं की शब्द माइकात पडतो आणि तिथंच राहतो. कापूस विकला की त्याच खोलीत बोललेलं विहिरीत बोलल्यासारखं घुमतं. त्यामुळं गावात कापसाचा भाव पडला की दुःख न होणारा भागवत हा एकटाच माणूस असावा. हे तो वडिलांसमोर बोलत नाही.

खोली फुकट मिळाली, माइक जुना मिळाला, लॅपटॉप भाच्याचा. राहिली होती प्लगइन. प्लगइन म्हणजे रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला जोडायचं यंत्र. हाताला लागत नाही, नुसतं पडद्यावर दिसतं, पैसे मात्र खरे घेतं. भागवतला दोन हवी होती. एक इक्वलायझर, म्हणजे आवाजातला जाड भाग, पातळ भाग कमीजास्त करणारं. दुसरं कॉम्प्रेसर, म्हणजे जोरात आलेला आवाज दाबून मग सगळाच आवाज वर उचलणारं, जेणेकरून हळू म्हटलेलंही ऐकू यावं.

बातमी त्याच्या बायकोपर्यंत, शालूपर्यंत, अर्धीच पोचली.

"अहो, कॉम्प्रेसर घेऊन राह्यले म्हणे तुम्ही? पंक्चरचं दुकान टाकायचा विचार हाय का?"

"ते हवेचं न्हाई गं. आवाजाचं."

"मंग आवाजात बी हवाच भरणार ना?"

सल्ला घ्यायला त्यानं राधेश्यामला फोन लावला. राधेश्याम जुन्या जालन्यात कापडाच्या ठोक दुकानात कामाला. संध्याकाळी त्याच दुकानाच्या माळ्यावर ताग्यांच्या मधोमध बसून तो गझला रेकॉर्ड करतो.

"भाई, सस्तं बिलकुल घेऊ नको," राधेश्याम म्हणाला. "सस्तं घेतलं की आवाज बी सस्ताच येतो."

"तुझ्याकडं कोणतं हाय?"

"मी? मी तर अजून डेमोच चालवून राह्यलो."

मग भागवतनंही डेमो चालवले. एक डेमो गाण्याच्या मधेच मुका व्हायचा. एकाचं रूप जुन्या रेडिओसारखं देखणं, लाकडी पट्टी, हलणारा काटा. पण ते चालू केलं की लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा फिरायचा आणि गाणं अडखळायचं. सेलच्या मेल रोज येत होत्या. आज शेवटचा दिवस, आज खरंच शेवटचा, आज एकदम शेवटचा. तो महिनाभर चालणारा शेवटचा दिवस पाहून भागवतला बाजारातला, वर्षभर 'आज शेवटचा दिवस' ओरडत चादरी विकणारा आठवला.

अखेर त्यानं परीक्षा घ्यायची ठरवली. कुठंतरी वाचलं होतं की डोळ्यांनी निवडू नये, कानांनी निवडावं. दोन्हींचा आवाज सारखा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दुसऱ्यानं बदलत राहायचं. दुसरं माणूस म्हणजे शालू. तो डोळे मिटून बसला, ती लॅपटॉपसमोर.

"हां, बदल."

"बदललं."

"बघ! हे कसं ऊबदार वाटतं. हेच महागाचं."

"आता?"

"आता कोरडं झालं. हे सस्तं. जमीन-अस्मानाचा फरक हाय, शालू."

"अहो, मी अजून काहीच दाबलं न्हाई. बटन कोणतं ते तर सांगा."

त्या दिवशी भागवतचं बरंच ज्ञान गेलं आणि बरेच पैसे वाचले. इक्वलायझर त्यानं प्रोग्रामसोबत फुकट आलेलाच ठेवला. कॉम्प्रेसर एक साधा, बिनरूपाचा, वाइंडिंगच्या तारेच्या एका छोट्या रिळाच्या भावात मिळाला तो घेतला. दिसायला सरकारी कचेरीतल्या फलकासारखा, पण कामाला चोख. किती चोख, ते पुढं कळणारच होतं.

माघातल्या हरिनाम सप्ताहाला महिना राहिला तेव्हा द्वारकाबाई आल्या. या भागवतच्या चुलती आणि गावच्या महिला भजनी मंडळाच्या पुढारीण. कितीतरी वर्षं मंडळात पहिला सूर त्यांचा. भागवत लहान होता तेव्हाही त्याच पुढं बसायच्या, आणि झोपलेल्या टाळकऱ्याला गाणं न थांबवता चिमटा काढायच्या.

"भागवता, सप्त्यात पहाटं भोंग्यावर कोणाकोणाची भजनं लावतेत. यंदा आपल्या मंडळाची गवळण वाजली पाह्यजे. माझ्या माहेरची. तीन कडव्याची."

"वाजवू की, काकू."

त्या जायला निघाल्या, दारातून परत फिरल्या, आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "नीट ठेव बाबा आवाज माझा. लोकं म्हणून राह्यले, द्वारकी थकली म्हणून. एकदा भोंग्यावर वाजलं की तोंडं बंद होतेत."

रविवारी दुपारी मंडळ कापसाच्या खोलीत बसलं. द्वारकाबाई माइकासमोर, बाकीच्या मागं, अगदी मागं साळूबाई टाळ घेऊन. पहिलं कडवं झकास झालं. दुसरंही. तिसरं चढं होतं. तिथं द्वारकाबाईंचा श्वास तुटायला लागला. शब्दांची शेपटं गळून पडत होती. मागच्या बायका जोर लावून सावरत होत्या. भागवत पडद्याकडं बघत होता. आवाजाची रेघ पहिल्या कडव्यात भरलेल्या कणसासारखी होती, तिसऱ्यात चिपाडासारखी.

त्याला चुलतीचं दारातून परत फिरणं आठवलं. त्यानं ठरवलं, हे आपण झाकायचं. कॉम्प्रेसर घेतला कशासाठी?

दुसऱ्या दिवशी टपरीवर, दोन मोटारींच्या घरघरीत, हेडफोन लावून तो कामाला बसला. तिसऱ्या कडव्यावर कॉम्प्रेसर चांगला दाबून बसवला आणि आवाज वर उचलला. तुटके श्वास भरून आले, गळलेली शेपटं परत फुटली. चुलती वीस वर्षांनी लहान झाली. भागवत इतका खूश झाला की कडव्याच्या आधी नुसता टाळ वाजतो तेवढी मोकळी जागा त्यानं ऐकलीच नाही. हा त्याचा नेहमीचा दोष. मोटार फिरली की तो स्क्रू आवळायचे विसरतो.

मंगळवारी त्याच्या अंगणात मंडळ जमलं. शालूनं चहा फिरवला, भागवतनं लॅपटॉपला स्पीकर लावला. पहिलं कडवं संपलं तेव्हा द्वारकाबाई पदराआडून हसत होत्या. दुसऱ्याला शेजारच्या गच्चीवर लोकं उभी राहिली. मग टाळ. आणि टाळाच्या मधून, शेजारी बसून कानात सांगावं इतका स्वच्छ, साळूबाईंचा आवाज आला:

"आता बघ. तिसऱ्याला हिचा दम पुरत न्हाई. नुसती ओढून नेती, अन् सावरायचं आपण."

आणि लगेच द्वारकाबाईंचं तिसरं कडवं, तरण्या पोरीसारखं, खणखणीत.

"थांबव," द्वारकाबाई म्हणाल्या. "मागं घे."

भागवतनं मागं घेतलं. साळूबाई स्पीकरमधून दुसऱ्यांदा बोलल्या. अंगणातल्या साळूबाई बशीतल्या चहाकडं बघत होत्या.

"काकू, मशीनची काहीतरी गडबड झाली," भागवत म्हणाला.

"मशीन साळीच्या आवाजात बोलाय लागली व्हय रे?"

"मी टाळाबद्दल बोलत होते, बाई," साळूबाई पुटपुटल्या.

"टाळाला दम लागतो?"

कोणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच खोकलं. द्वारकाबाई मात्र साळूबाईंकडं बघत नव्हत्या. त्या स्पीकरकडं बघत होत्या.

"भागवता, हे तिसरं कडवं माझं न्हाई. मला तिथं घाम फुटल्ता. ह्यात तर मी पोरीसारखी म्हणून राह्यले. काय केलं तू?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. भागवतनं सांगून टाकलं. हळू आवाज वर उचलला, म्हणून तुमचा दम बी वर आला, अन् साळूबाईचं बोलणं बी त्याच्यासोबत वर आलं.

"काढ ते. जसं म्हणलं तसं ऐकव."

"काकू, कशाला..."

"ऐकव म्हणते ना."

त्यानं कॉम्प्रेसर बंद केला. साळूबाई स्पीकरमधून गायब झाल्या आणि तिसऱ्या कडव्यातली द्वारकाबाईही जवळजवळ गायब झाली. श्वास तुटत होता, सूर खाली येत होता, मागच्या बायका त्याला खांदा देत होत्या. अंगणात कोणी कोणाकडं बघेना. भागवतला वाटलं, तांब्याच्या तारेचं रीळच घेतलं असतं तर बरं झालं असतं. द्वारकाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, मान खाली न घालता.

"खरंच बोलली की साळी," त्या म्हणाल्या. "साळे, तोंडावर सांगायला काय झाल्तं?"

"तोंडावर सांगितलं असतं तर टाळ काढून घेतला असता तुम्ही माझा."

"घेतलाच असता." द्वारकाबाई साळूबाईंकडं वळल्या. "कधीपासून सावरून राह्यली मला?"

"रामनवमीला जांबच्या उत्सवात गेल्तो ना आपण, तवापासून."

"एवढे दिवस? अन् मी म्हणते, मला दम आला कुठून!" त्या स्वतःच हसल्या, आणि मग अंगणही हसलं. "मंग मागून कशाला सावरते? म्होरं ये. तिसरं कडवं दोघी म्हणू. भागवता, परत घे. अन् ते दाबायचं यंत्र जरा बेतानं लाव. म्हातारीला म्हातारी राहू दे, पण नळ्यात अडकलेल्या मांजरावानी नको वाटायला."

त्याच संध्याकाळी परत रेकॉर्डिंग झालं. साळूबाईंना पुढं बसायची सवय नव्हती. पहिल्या वेळेला त्या माइकाला सासऱ्यासारख्या घाबरल्या, पदर पुढं ओढून गायल्या. दुसऱ्या वेळेला इतक्या जवळ गेल्या की भागवतनं हेडफोन फेकून दिले. तिसऱ्या वेळेला जमलं. द्वारकाबाई ओळ उचलायच्या, श्वास संपत आला की साळूबाई खालून येऊन ती पुढं न्यायच्या, आणि तेवढ्यात द्वारकाबाई दम भरून परत हजर. एक सुटते कुठं, दुसरी धरते कुठं, हे भागवतला पडद्यावरही दिसेना. कॉम्प्रेसर त्यानं अगदी हलका लावला. इक्वलायझरनं खालची थोडी घरघर कापली, बस. आणि या वेळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, टाळाच्या मोकळ्या जागांसकट, सगळं ऐकून काढलं. मोकळ्या जागेत एकदा द्वारकाबाईच बोलल्या होत्या: "बरं म्हणती गं साळी." ते त्यानं कापलं. कापताना जरा वाईट वाटलं.

सप्ताहाच्या पहिल्या पहाटे गवळण भोंग्यावर वाजली. नळावर साळूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला थांबवून सांगत होत्या, "तिसरं कडवं ऐका. ते माझं हाय."

"आधीची दोन झाली म्हणून तिसरं आलं," मागून द्वारकाबाईंचा हंडा आला. "हे बी सांगत जा. अन् सर, भरू दे."

आठवड्यानं टपरीवर शेजारच्या गावच्या मंडळातल्या तिघी आल्या. त्यांनाही गवळण करायची होती. दर ठरला, वार ठरला.

"पण मधी बोललेलं काही यायला नको," एक म्हणाली.

"मधी बोलूच नका. त्याला कोणतं प्लगइन लागत न्हाई, एकदम फुकटात होतं."

तिघींनी एकमेकींकडं पाहिलं. मग दुसरीनं पदर तोंडाशी नेऊन हळूच विचारलं, "ते साळूबाईचं बोलणं अजून हाय का हो तुमच्यापाशी? जरा ऐकवा की."

भागवतनं बाजूची मोटार चालू केली आणि तिला कान लावला.