लिची-गुलाब की पीच-मोगरा

"सांग गो, उजवा का डावा?" असं म्हणत काकी दोन्ही मनगटं थेट आमच्या नाकाखाली धरायच्या. तेही सकाळी, कंपनीच्या बसमध्ये, गडबला चढल्या चढल्या. आमची झोपही उडालेली नसायची.

आम्ही सगळ्या रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला. मी रामवाडीहून बसून यायचे. त्या गडबच्या, घरची भातशेती, पन्नाशी ओलांडलेल्या, म्हणून सगळ्यांच्या काकी. उन्हं तापायला लागली तशा त्यांनी पेणच्या दुकानातून सेंटच्या दोन छोट्या बाटल्या आणल्या. उजव्या मनगटावर लिची-गुलाब, डाव्यावर पीच-मोगरा. "उन्हाळ्यात उग्र नको. दोनातला एक धरायचा हाय," म्हणाल्या.

झालं, बसमध्ये दोन पक्ष पडले. लिचीवाल्या म्हणायच्या, हा घामात टिकतो. मोगरेवाल्या म्हणायच्या, टिकून काय करायचंय, डोकं चढतं त्यानं. ड्रायव्हरदादा तर वास न घेताच मोगऱ्याला मत देऊन मोकळे झाले. काकी मात्र बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघायच्या.

"तुम्हाला कुठला आवडतो?" मी एकदा विचारलं.

"माझं रहू दे. गोड म्हंजे कसा गोड? गुळासारखा का साखरेसारखा?"

आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या हाताचा वास कुणी दुसऱ्याला असा खोदून विचारतं? मला काही चैन पडेना. चौकशीची हौस मला पहिल्यापासूनच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये कुणाची तरी भाजी करपली. आम्ही सगळ्या नाकाला पदर लावून उठलो. काकी शेगडीला पाठ करून निवांत भाकरी मोडत होत्या. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"नाय येत गो," त्या हळूच म्हणाल्या. "मागं मोठा ताप आलेला, त्यात वास गेला तो गेलाच. डॉक्टर बोलला, रोज तेच तेच वास घ्या, आठवून आठवून घ्या. आला तर येईल."

"मग येईल की हळूहळू, घाई कसली एवढी?"

"लेक बाळंतपणाला आलीय. पयलं नातवंड. त्याची टाळू हुंगायचीय मला."

दुसऱ्या दिवसापासून मी शेजारी बसून त्यांना वास समजावून सांगू लागले. लिची म्हणजे ताडगोळ्याचं पाणी, त्यात चमचाभर गुलाबपाणी. मोगरा म्हणजे रात्री उशाशी काढून ठेवलेला गजरा. त्या डोळे मिटून मनगट हुंगायच्या आणि मान हलवायच्या. "नाय."

नात झाली आणि काकींनी कंपनी सोडली. बाळ बघायला मी गडबला गेले. खोलीत धुरी दिलेली होती, ओवा-शेपांचा वास माझ्या डोक्यात गेला. काकी बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काकी, आला का हो?"

"धुरीचा नाय. सेंटचा पन नाय." मग बाळाकडे बघून म्हणाल्या, "हिचा येतो. आंबूस, दुधाचा. कधी येतो, कधी नाय."

फळीवरच्या दोन्ही बाटल्या त्यांनी माझ्या हातात दिल्या. "ने तू. हिच्याजवळ दुसरा वास नको."

मी आभार मानेपर्यंत त्या टाळूवर वाकल्याही होत्या. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.