गुडघ्यावरची ठिगळं

माझी थोरली जाऊ साळुबाई म्हंजी संशयाचं गाठोडं. पिंपरी पेंढारला आमची दारं समोरासमोर, म्हणून मला सगळं ठाऊक. लग्नाच्या पंगतीतबी शेजारणीनं खाल्ल्यावरच ही घास मोडायची.

पण तिला नुसतं हसूनबी चालायचं न्हाई. ती परकरी पोर असताना तिचा पाठचा भाऊ बहिरू गेला. चुलत्यानं, सावळेरामानं, त्याचा हलणारा दात दोरा बांधून काढला. रक्त थांबलंच न्हाई, पोरगं पांढरं पडून गेलं. सावळेरामानं करणी केली, असं तिच्या आईनं ठरवून टाकलं. त्या घरचं पाणी साळुबाईनं पुन्हा तोंडाला लावलं न्हाई.

पुढं तिची एकुलती लेक काविळीनं गेली. मागं तान्हा नातू, ऋषी. डिंभ्याच्या जावयानं, भरतनं, वरसाच्या आत दुसरी बायको केली, हर्षाली. मग काय इचारता!

ऋषी चालाय लागला आन त्याच्या अंगावर निळंजांभळं डाग दिसाय लागलं. कधी गुडघा टम्म सुजलेला. इचारलं की हर्षाली म्हणायची, "आई, पडला ओ." रोज पडतंय व्हय पोरगं? खरं सांगते, मलाबी पटंना झालं. त्यात तिनं पोराच्या पँटीला गुडघ्यावर जुन्या गोधडीची जाड ठिगळं लावली.

"बघ गं, वळ झाकती सटवी!" साळुबाई म्हणली. झालं, त्या दिसापास्नं हर्षालीच्या घरचं पाणीबी बंद.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात ती मला घेऊन डिंभ्याला गेली आन पोराला उचललंच. "आता ह्यो माझ्याकडंच ऱ्हाईल, आन तुला पोलिसात देते!" हर्षाली यष्टीपत्तुर रडत आली. "आई, बगलंत धरून उचलू नका ओ, खालनं हात घाला," म्हणत व्हती.

"मला शिकवती!" म्हणत साळुबाईनं पोराला बगलंत धरूनच यष्टीत चढवलं.

दुसऱ्या दिशी आंघोळ घालताना तिनं मला हाक मारली. पोराच्या दोन्ही बगलंखाली निळी बोटं उठलेली. "बघ, निघता निघता चिमटं काढलं भवानीनं!"

मी ती बोटं बघितली, आन तिचं हात बघितलं. शेतात भांगलून भांगलून रुंद झालेलं. "बाई," म्हणलं, "जरा तिथं हात ठेवा बरं."

तिनं ठेवला. बोटावर बोट बरोबर बसलं.

चटका बसल्यावाणी हात मागं घेऊन म्हणली, "सदऱ्यावरच काईतरी करून दिलं असंल तिनं." आता ह्या बाईम्होरं कपाळ फोडावं का काय!

दुपारी ऋषी उंबऱ्यावर आपटला. ओठ फाटला. हळद दाबली, फडकं दाबलं. थांबल्यावाणी व्हायचं आन परत झिरपायचं. साळुबाईचं तोंड उतरलं. "अगं, बहिरूचं असंच..." एवढंच म्हणली.

नारायणगावच्या डॉक्टरनं पोराचं रक्त काचंच्या नळीत घेऊन ठेवलं. लई वेळानं नळी कलती केली तरी रक्त पाण्यावाणी हललं. त्यानं लगोलग पुण्याला धाडलं. भरत आन हर्षालीबी तिथंच आले. रक्तातलं पिवळं पाणी असतं, त्ये पोराला चढवलं, तवा कुठं ओठ थांबला.

सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणली, "ह्याला कुणी मारलेलं नाही, आजी. रक्त गोठवणारा एक घटक ह्याच्यात जन्मापासूनच कमी आहे. नुसतं धरलं तरी आत रक्त उतरतं. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो. आईच्या माहेरी किंवा आजोळी कुणी मुलगा असा रक्त वाहून गेला होता का?"

भरतनं न्हाई म्हणून मान हलवली. साळुबाईनं पदर तोंडाला लावला.

"माझा भाऊ," ती म्हणली. "बहिरू. दात काढला त्याचा, बाई. आन मी काकाच्या मयतालाबी गेले न्हाई."

डॉक्टरीणबाईनं खाटेवरची पँट उचलून ठिगळं चाचपली. "ही कुणी लावली? फार चांगलं केलंत."

"पडला की गुडघा सुजायचा, म्हणून," हर्षाली म्हणली. मग साळुबाईचं पायच धरलं तिनं. "आई, माझं पोर नेऊ नका ओ."

"कुठं नेऊ? ऊठ." साळुबाईला हुंदका आवरंना. "मारलंस तू न्हाई. माझ्याच रक्तातनं लेकीत गेलं, लेकीतनं ह्याच्यात. पाणी हाय का तुझ्याकडं?"

हर्षालीनं बाटली पुढं केली. माझी जाऊ वासबी न घेता गटागटा प्याली. मला रडूच फुटलं.

तोंड पुसून ती खाटंकडं वळली आन दोन्ही हात पुढं करून उभी ऱ्हायली.

"आता दाव," म्हणली, "कसं उचलायचं त्याला."