सात लाख तेरा हजार दोनशे त्रेसष्ट

आकडा दिसला की बाईंना तो फोडल्याशिवाय चैन पडायचं नाही. विजेचं मीटर, समोरून गेलेली बस, गॅसवाल्याचा नंबर, काहीही चालायचं. "हा तेराने फुटतो बघ," म्हणायच्या, शेंग फोडून दाणे हातावर ठेवावेत तशा. नायगावच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं. माझ्या सासूबाई खऱ्या, पण सगळ्या चाळीसारखी मीही त्यांना बाईच म्हणायचे. माझा नवरा गेला, चाळ पुनर्विकासात गेली आणि करी रोडच्या भाड्याच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो.

मग बाईंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी नि शुक्रवारी, परळला डायलिसिस. पाणी मोजून, चहा घोटभर. चार तास त्या खाटेवर, मी स्टुलावर. परतताना दोघींपैकी कोण जास्त दमलंय तेच कळायचं नाही. एक दिवस म्हणाल्या, "पुरे झालं ग. हाताची चाळण झाली." मी रडले, भांडले. तेव्हा त्यांनी आपल्या केस पेपरवरचा नंबर बघितला. ७१३२६३.

"बरं, हा फुटेपर्यंत येते. दर खेपेला एका मूळ संख्येने भागायचं. फुटला की सुई बंद. याचं वर्गमूळ आठशे चव्वेचाळीस; तिथपर्यंत कशानेच फुटला नाही, तर हाही मूळ. मग तू जिंकलीस, मी येत राहीन. आणि मोबाइलला विचारायचं नाही हं!"

मी बाहेर येऊन लगेच विचारलं. एकशे एकोणपन्नासने फुटत होता. म्हणजे जेमतेम चार महिने.

दोन, तीन, पाच बघताक्षणी बाद झाले. पुढे सात, अकरा, तेरा... बाई डोळे मिटून तोंडी भागाकार करायच्या, मी मधले आकडे धरून ठेवायचे. बाकी उरली की म्हणायच्या, "चिवट आहे मेला!" मला हसू यायचं, आणि मनात मी एकशे एकोणपन्नासपर्यंत उरलेल्या खेपा मोजायचे.

एकशे एकोणपन्नासचा दिवस आलाच. "चोक पाचशे शहाण्णव... सत्ते एक हजार त्रेचाळीस... अठ्ठे अकराशे ब्याण्णव..." शेवटी हातात राहिले पुन्हा तेच एक हजार त्रेचाळीस. आत्ताच म्हटलेलं सत्ते. बाकी शून्य.

बाईंनी डोळे उघडले. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

"उरली ग बाकी," म्हणाल्या. "पुढचा कोण? एकशे एक्कावन्न."

जन्मात कधी भागाकार न चुकलेली बाई! "चिवट आहे मेला!" या खेपेला मीच म्हटलं.

त्या खोट्या बाकीवर आम्ही आणखी सव्वातीन महिने काढले. शेवटी शेवटी आकडे मीच म्हणायचे, त्या नुसती मान हलवायच्या. तीनशे सात झाल्यावर हळूच म्हणाल्या, "फुटला होता ग तो."

"माहीत आहे, बाई."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

बाई हसल्या. "दमले ग आता," म्हणाल्या.

पुढचा तीनशे अकरा होता. त्या मंगळवारी मी टॅक्सी बोलावली नाही. आलं घालून चहा केला आणि बाईंना कप काठोकाठ भरून दिला.