मांडीवरची फाईल

ठाण्याच्या केमो वॉर्डात तो दर तीन आठवड्यांनी भेटायचा. बाळकुमचा कोळी, पंचविशीतला. स्तनाच्या कॅन्सरच्या आम्हा बायकांत तो एकटाच पुरुष, त्यामुळे बाहेरच्या बाकावर कुणीतरी विचारायचंच, “आईला आणलंयस का रे?” मांडीवरची फाईल पालथी करत तो म्हणायचा, “हो काकू, आत गेलीय.” आत आमच्या सलाइनच्या खुर्च्या शेजारी होत्या, म्हणून खरं काय ते मला ठाऊक होतं.

परवा एक नवी बाई रडत होती. “डावी बाजू काढली. आता मी बाई कसली राहिले?”

तो तिच्याशेजारी जाऊन बसला. फाईल सरळ केली. “माझीपण डावीच काढली, ताई. आधी होडीवर उघडाच असायचो, आता शर्ट घालून जातो. मासे काय विचारत नाहीत.”

सिस्टरने त्याचं नाव पुकारलं. एरवी गुपचूप उठणारा तो त्या दिवशी “आलो” म्हणाला.