तुऱ्याचा फेटा आणि पाचगणीचं जेवण

आमच्या गावात फौजेतून पेन्शन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मेजर म्हणायची पद्धत होती. स्वयंपाकी असो, ड्रायव्हर असो, नाहीतर खरोखर बंदूक चालवलेला असो, स्टँडवर उतरला की मेजर. माझे वडीलही मेजर. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. एकवीस वर्षं ते ऑफिसरांच्या मेसमध्ये वेटर होते. घरात आम्हाला ते ठाऊक होतं. गावात कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. कोरेगावच्या शाळेत मास्तरांनी विचारलं की मी छाती काढून सांगायचो, वडील फौजेत आहेत. पुढचा प्रश्न येईपर्यंत खाली बसलेलो असायचो.

कराडला इंजिनिअरिंग करून मी सांगलीत सरकारी नोकरीला लागलो तेव्हा आई लग्नाच्या मागे लागली. कराडच्या एका लग्नात तिनं एक मुलगी हेरली होती. मुलीचे वडील कराडलाच वकील होते, मुलगी शाळेत शिकवायची. फोटो बघूनच मी पुरता पाघळलो होतो. अडचण एकच होती, मुलीचा मामा. तो फौजेत खराखुरा मेजर होता, आणि भाचीचं स्थळ त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढं सरकणार नव्हतं. मे महिन्यात तो सुट्टीवर आला आणि ही सगळी मंडळी पाचगणीला एका बंगल्यात उतरली. वकीलसाहेबांनी कळवलं की इथंच भेटू, जेवायला कुठं बसायचं ते तुम्हीच सांगा.

त्यांनी सहज लिहिलं असणार. मी मात्र चार दिवस त्या एका वाक्याला चिकटून बसलो. साताऱ्यात एक खानावळ होती, तिथल्या मटणाला तोड नव्हती, पण बाकावर दाटीवाटीनं बसायचं आणि हात धुवायला पिंपाजवळ रांग लावायची. सांगलीत एका लॉजमध्ये पडदा लावलेली फॅमिली रूम होती, पण पडद्याला रश्श्याचे डाग होते. मग मला पाचगणीतलं ते जुनं हॉटेल आठवलं. इंग्रजांच्या वेळचं, गालिचे घातलेलं, तिथं काट्या-सुरीनं भाजलेलं मटण खातात असं ऐकून होतो. आत पाय कधी ठेवला नव्हता. पण फौजी मामावर छाप पाडायची तर तेच हॉटेल, असं मी ठरवून टाकलं.

आबांना सांगितलं तर ते म्हणाले, तिथं नको. घरी बोलवू, आई रस्सा करेल, पोरीला घर तरी दिसेल. मला वाटलं, म्हातारा खर्चाला भितोय. मी जरा आवाज चढवूनच बोललो.

एकदा ठरल्यावर मात्र त्यांनी मला तयार करायचं मनावर घेतलं. घरात काटा कुठला असणार? कडुलिंबाची दोन फाट्यांची काडी तासून त्यांनी काटा केला, विळीशेजारची भाजीची सुरी घेतली आणि ताटात भाकरी ठेवली. सूप पिताना चमचा आपल्याकडं ओढायचा नाही, पलीकडं ढकलायचा. सुरी-काटा शेजारी शेजारी ठेवले म्हणजे जेवण झालं, फाकून ठेवले म्हणजे अजून चाललंय. बाहेरचं हत्यार आधी उचलायचं, मग आतलं. हे सगळं ते माझ्या डाव्या खांद्यामागं उभं राहून सांगत होते. आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसत होती. भाकरीचे तुकडे उडून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडत होते आणि मांजर ते हुंगून परत जात होतं. मी म्हणालो, आबा, समोर बसून दाखवा की. ते म्हणाले, "बसून कसं खात्यात ते मला ठावं न्हाई. मी हितनं बघितलंय."

मी हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आज सांगता येणार नाही.

मग कपडे. मी सांगलीत टेरिलिनचा गडद तपकिरी सूट शिवला होता. खाली घेरदार बेलबॉटम, वर हातभर रुंद टाय. आबांनी बघून एवढंच म्हटलं की साहेबलोक दुपारच्या जेवणाला, त्यात मे महिन्यात, असा काळपट कोट घालत नाहीत. मी ऐकतोय कशाला? माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न त्यांच्या कपड्यांचा होता. त्यांचा बेत धोतर, सदरा आणि टोपी असा साधा होता. मी म्हणालो, तुम्ही बाजाराला चाललाय का? थोरल्या बहिणीच्या लग्नात शिवलेला गळाबंद पांढरा कोट मी पेटीतून काढला, पांढरी पँट काढली, दोन्हींना कडक इस्त्री करून आणली. फेट्याला खळ घातली आणि वर ताठ तुरा काढायला लावला. मराठमोळा थाट दिसेल, मामाही खूश होईल, असा माझा हिशेब.

कपडे चढवून आबा भिंतीवरच्या आरशासमोर उभे राहिले. एरवी दाढीपुरतं आरशात बघणारा माणूस, त्या दिवशी बराच वेळ बघत राहिला.

"ह्ये आसंच घालू म्हंतोस?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, एक नंबर दिसताय. ते म्हणाले, बरं, तुला वाटतंय तर.

आई येणार नव्हती. तिनं मुलगी बघितली होती, पसंत केली होती, आणि अनोळखी माणसांत टेबलावर बसून जेवायला तिची तयारी नव्हती. आम्ही दोघं एसटीनं निघालो. कोट मळू नये म्हणून आबांनी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं आणि पसरणीचा घाट संपेपर्यंत ते पाठ न टेकता बसले. मी घामानं निथळत होतो, पण टाय सैल केला नाही.

हॉटेलच्या दारात पाऊल ठेवलं. दारातच बेअरा उभा होता. गळाबंद पांढरा कोट, पांढरी पँट, डोक्याला पांढरा फेटा आणि वर खळ घातलेला ताठ तुरा. आत आणखी पाच-सहा जण, सगळे तसेच. त्या बेअऱ्यानं आबांकडं बघितलं, आबांनी त्याच्याकडं, आणि दोघांनीही अगदी सभ्यपणे नजर दुसरीकडं वळवली. फेटा काढा असं म्हणायची सोय नव्हती, कारण मंडळी समोर येऊन नमस्कार करत होती.

टेबलावर माझ्या समोर मुलगी होती. फिकट निळी सुती साडी, हातात घड्याळ, बस्स. तिच्या आई-वडिलांचे कपडेही साधेच, मामा तर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. त्या दालनात सूट घातलेला मी एकटाच होतो. सूप आलं. मामांनी आबांना विचारलं, कुठं कुठं होता? आबांनी तोंड उघडायच्या आत मी दोन-तीन छावण्यांची नावं सांगितली आणि कोयनेच्या पाण्याबद्दल बोलायला लागलो. मामांनी पुन्हा विचारलं, काम कसलं होतं? मी म्हणालो, हवालदार म्हणून निवृत्त झाले. हे खोटं नव्हतं, कागदावर हुद्दा तोच होता. मग मटण आलं, पातळ कापलेले काप, उकडलेले बटाटे आणि पुदिन्याची आंबट चटणी. आबा हळूहळू, अगदी बिनचूक खात होते. मुलगी मधून मधून माझ्याकडं बघत होती, आणि प्रकरण जमतंय असं मला वाटत होतं.

मटण संपल्यावर आबा हात धुवायला उठले. परत येताना शेजारच्या टेबलावरून एका गृहस्थानं रिकामा ग्लास वर धरला. मुंबईकडचं कुटुंब असावं, दोन मुलं होती. त्या गृहस्थानं मानसुद्धा वळवली नाही.

"बेअरा, पानी."

आबा थांबले. त्यांनी क्षणभर आमच्याकडं बघितलं. मग भिंतीलगतच्या टेबलावरचा जग उचलला, नॅपकिन मनगटावर टाकला, डावा हात पाठीमागं घेतला आणि उजव्या बाजूनं पाणी ओतलं. थेंब सांडला नाही. चौघांचेही ग्लास भरले, धाकट्या मुलाचा अर्धाच. जग जागेवर ठेवला आणि ते आमच्याकडं यायला लागले.

आमचं अख्खं टेबल बघत होतं. मामांची नजर आबांच्या पाठीमागं घेतलेल्या हातावर होती. तसा हात कोण घेतो, हे फौजेतल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी हसलो, मोठ्यानं हसलो, आणि म्हणालो, "वडिलांचा स्वभावच असा आहे. गंमत करतात."

आबा तोवर खुर्चीशी पोचले होते. त्यांनी ऐकलं. ते बसले नाहीत.

"गंमत न्हाई सायेब," ते मामांना म्हणाले. "मी मेसमधी वेटर हुतो. एकवीस वर्सं. त्यांनी पानी मागितलं, म्हून दिलं."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पहिल्यांदा बोलली ती मुलगी. तिनं विचारलं, मग तुम्ही स्वतः कधी असं टेबलावर बसून जेवला होता का?

"आज. पयल्यांदाच."

"कसं लागलं मटण?"

आबांनी खरंच विचार केला. "कोरडं हाय पोरी," ते म्हणाले. "इतकी वर्सं वास घेऊन वाटायचं, काय की आसंल."

वकीलसाहेब हसले, मग सगळेच हसले. मामांनी खुर्ची जरा मागं ओढून आबांना बसायला सांगितलं. मग ते स्वतःची गोष्ट सांगायला लागले. नवीन लेफ्टनंट असताना मेसमधल्या पहिल्या जेवणाला त्यांच्या पुढ्यात इतके चमचे होते की त्यांनी चुकीचा उचलला. तेव्हा मागून वाढणारा म्हातारा वेटर कानाशी पुटपुटला, बाहेरून आत, साब. त्या माणसानं लाज राखली, आणि मी त्याचं नावसुद्धा कधी विचारलं नाही, असं मामा म्हणाले. पुढं कस्टर्ड येईपर्यंत दोघं मेसच्या गोष्टींत रंगून गेले. मुलगी ऐकत होती, हसत होती. माझ्याकडं मात्र तिनं नंतर एकदाही बघितलं नाही.

परतीची एसटी वाईला पोचली. मग आबांनी विचारलं, मी गप बसायला पायजे हुतं का? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "पानी दिल्याची मला लाज न्हाई. तू गंमत म्हनलास, तवा बोललो." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आठ दिवसांनी कराडहून वकीलसाहेबांचं पत्र आलं. त्यांनी मोकळेपणानं लिहिलं होतं की सासरे मुलीला पसंत आहेत. मुलाबद्दल तिला एक गोष्ट विचारायची आहे, ती तिनं वेगळ्या कागदावर लिहिली आहे. त्या कागदावर एकच ओळ होती. वडील त्या दिवशी बोलले नसते, तर तुम्ही मला हे कधी सांगितलं असतं?

मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर लिहिलं, त्याच संध्याकाळी. फाडला. दुसऱ्यावर, साखरपुड्याआधी नक्की. तोही फाडला. असे किती कागद फाडले कोण जाणे. शेवटी चिडून, स्वतःवरच चिडून, खरं ते लिहिलं. लग्नानंतरही सांगितलं नसतं. तुम्ही स्वतःहून ओळखलं असतं, तर पुन्हा गंमत म्हणून हसलो असतो. मला वडिलांच्या कामाची लाज वाटते आणि लाज वाटते याचीही लाज वाटते. हे पाकीट टपालपेटीत टाकल्यावर स्थळ गेलं, अशी माझी खात्रीच होती.

तिचं उलटटपाली उत्तर आलं. मी तिला जे लिहिलंय ते आधी आबांना वाचून दाखवावं आणि मग लग्नाच्या तारखेचं बघावं, असं तिनं लिहिलं होतं. माझं पत्रही तिनं सोबत परत पाठवलं होतं.

पत्र तसंच घेऊन मी रविवारी गावी गेलो. आबा अंगणात दोरी वळत बसले होते. मी शेजारी बसून वाचलं. लाजेचं वाक्यही गाळलं नाही. ते दोरी वळत राहिले. संपल्यावर म्हणाले, "ठावं हाय मला. शाळेत हुतास तवापास्नं ठावं हाय. तू नगं मनाला लावून घिऊस. तारीख कळीव त्यांस्नी."

मला रडू फुटलं. इतकं की आई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि विचारायला लागली, पोरीनं नकार दिला का.